अण्णांच्या दुकानात डेटावाला

एका गावात एक भोळा पोरगा होता. भोळी माणसं गावोगाव असतात, त्यात नवल ते काय! पण हा भोळा डेटा सायन्स शिकत होता.

गावाचं नाव विचारू नका. सांगितलं तर तिथली माणसं उद्या माझ्या दारात येतील. पोराचं नाव सांगतो, महिपती. अंगानं उंच, मनानं निर्मळ, आणि डोक्यानं कसा ते पुढं कळेलच. सांगितलेलं काम मन लावून करायचा. उलट उत्तर नाही, की कंटाळा नाही. एकदा त्याची आई म्हणाली, "दुधाकडं बघत बस रे." दूध उतू गेलं, चूल विझली, पातेलं रिकामं झालं. महिपती बघत बसला होता.

तर त्या गावात विद्यापीठाचं एक उपकेंद्र निघालं, आणि तिथं बारटक्के मॅडमनी डेटा सायन्सचा वर्ग काढला. घाबरू नका, डेटा सायन्स म्हणजे फार काही नाही. धंद्यात रोज कोण येतं, काय नेतं, काय नुसतं हाताळून परत ठेवतं, याच्या नोंदी करायच्या आणि त्यावरून उद्याचं ओळखायचं. आपला जुना वाणी हे मान खाजवता खाजवता करायचा. आता पोरं लॅपटॉपवर करतात.

मॅडम शहरातली चांगली नोकरी सोडून आल्या होत्या. म्हणायच्या, "लहान गावातली पोरं काय कमी हुशार असतात का?" वर्गातली बाकंसुद्धा त्यांनी पहिल्या दिवशी स्वतःच्या हातानं पुसली. पण कुलगुरू डॉ. आगरवाडकर यांना हा वर्ग म्हणजे नसती उठाठेव वाटायची. त्यांनी स्पष्टच सांगितलं, "पोरांना गावातल्या दुकानांत कामाला पाठवा. उन्हाळा सरता सरता मी येतो. व्यापारी संघाचे अध्यक्ष पोरं कामाची आहेत म्हणाले, तर वर्ग ठेवू. नाही म्हणाले, तर कुलूप."

व्यापारी संघाचे अध्यक्ष म्हणजे डांगरे अण्णा. त्यांचं भांड्यांचं दुकान. आता कोणत्या पोरानं कोणत्या दुकानात जायचं, यासाठी मॅडमनी चिठ्ठ्या टाकल्या. कुणाला कापडाचं दुकान आलं, कुणाला औषधाचं. अण्णांचं दुकान कुणाला आलं, ते तुम्ही ओळखलं असेलच.

मॅडमनी ती चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. मग पेलाभर पाणी प्यायल्या.

"महिपती," त्या म्हणाल्या, "आपला सगळा वर्ग तुझ्यावर आहे बरं का."

"बरं मॅडम," महिपती म्हणाला, आणि वर्गाचं वजन पेलायला दोन्ही खांदे ताठ केले.

अण्णांच्या दुकानात छतापासून टांगलेल्या कळशा, भिंतीला लावलेल्या पराती, कोपऱ्यात कुकर. आणि गल्ल्याशेजारी भांड्यावर नाव घालायचं विजेचं मशीन. आपल्याकडं भांडं घेतलं की नाव घालून घ्यायचं, ही रीतच आहे. कार्य निघालं की शेजारणीची पातेली आपल्याकडं, आपली शेजारणीकडं. नाव नसेल तर मग कुणाचं काय आणि कुणाचं काय. महिपती ते मशीन चालवायला लगेच शिकला. अक्षर काय, मोती! अण्णा खूश झाले. तिथंच अण्णा फसले.

पहिल्या दिवशी मॅडमनी वर्गात सांगितलं होतं, "नोंदी हातात आल्या की आधी निवडायला बसा, तांदूळ निवडतो तसं. जे बाकीच्यांत बसत नाही ते खडा समजा आणि बाजूला काढा."

महिपती दुकानात येऊन बसला. कुणी गाळणं नेलं, कुणी चमचे, कुणी तांब्या. त्यानं सगळं टिपलं. एवढ्यात भैरू आचारी आला. गावच्या जत्रेचा भंडारा त्याच्याकडं होता.

"मोठी पातेली काढा," भैरू म्हणाला. "आत माणूस बसून आंघोळ करेल एवढी. पराती, झारे, हंडे, सगळं नवीन घ्यायचंय. देवाचं काम आहे, घासाघीस करणार नाही."

अण्णा जेवायला घरी गेले होते. महिपतीनं लॅपटॉपमध्ये पाहिलं. गाळणं, चमचे, तांब्या. मग भैरूकडं पाहिलं. मग उठला आणि त्यानं भैरूचा हात प्रेमानं धरला.

"काका, तुम्ही बाकीच्यांसारखे नाही."

"नाहीच मुळी!" भैरू छाती फुगवून म्हणाला.

"मग चला बाजूला."

बाजूला रासन्यांचं दुकान होतं. तेही भांड्यांचंच. रासने कित्येक वर्षं अण्णांच्या गिऱ्हाइकांकडं आशेनं बघत दारात बसायचे. महिपतीनं भैरूला त्यांच्या गादीवर नेऊन बसवलं, नमस्कार केला आणि परत आला. अण्णा जेवून आले तेव्हा रासन्यांच्या दारात टेम्पो भरत होता.

अण्णांनी मॅडमना बोलावून घेतलं. मॅडमनी कपाळाला हात लावला. "अरे, नोंद बाजूला काढायची, माणूस नाही! वेगळं गिऱ्हाईक आलं तर उलट त्याला धरून ठेवायचं. कुठून आलात, काय हवं, कशाला हवं, सगळी चौकशी करायची. त्याच्याशिवाय सोडायचं नाही."

"बरं मॅडम. आता चुकणार नाही."

अण्णा म्हणाले, "मी आत्ता काही बोलत नाही, मॅडम. काय बोलायचं ते कुलगुरूंसमोर बोलेन."

 पोरगं मात्र शब्दाला पक्कं. ती चूक त्यानं पुन्हा केली नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णा बँकेत गेले होते. एक माणूस धावत दुकानात शिरला. अंगात खाकी कपडे, खांद्याला चामड्याची पिशवी, हातात रिकामी बाटली. एसटीचा कंडक्टर.

"ओ भाऊ, जरा बाटलीभर पाणी द्या. लवकर!"

भांड्यांच्या दुकानात पाणी मागायला आजवर कुणी आलं नव्हतं. महिपतीचे डोळे चमकले. हे वेगळं गिऱ्हाईक! त्यानं आधी शटर अर्धं खाली ओढलं. मग स्टूल पुढं केलं.

"बसा. कुठून आलात?"

"गाडीतून आलो! पाणी द्या."

"पाणी कशाला हवं?"

"प्यायला!"

"तहान कधीपासून आहे? घरात आणखी कुणाला असते का?"

"अरे बाबा, बाहेर गाडी उभी आहे!"

"गाडी का उभी आहे?"

"मी इथं आहे म्हणून!"

"मग तुम्ही इथं का आहात?"

 बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमला. मग गाडीतली माणसं उतरली आणि कंडक्टर शोधत शोधत दुकानाशी आली. शटर अर्धंच उघडं, त्यामुळं सगळी वाकून वाकून आत शिरली. आत आलेलं प्रत्येक माणूस महिपतीला वेगळंच वाटलं. तोही बिचारा प्रत्येकाची चौकशी करायला लागला. कुणाची कोंबडी सुटली ती पराती लावलेल्या फळीवर बसली. पुढचं काय सांगू! त्या पराती पडल्याचा आवाज वेशीबाहेरच्या मळ्यात ऐकू गेला म्हणतात.

कंडक्टर कसाबसा शटरखालून निसटला. वळून महिपतीकडं बोट करून म्हणाला, "या पोराचं तोंड ज्या दिवशी मला स्टँडवर दिसेल, त्या दिवशी मी डबल बेल मारून गाडी सोडेन. माणसं चढलेली असोत नसोत!"

"हे टिपून घेऊ का?" महिपतीनं विचारलं.

मॅडम आल्या. चेपलेल्या पराती बघून त्यांना रडू येईना, की हसू येईना. "अरे बाळा, एकेकाला धरून किती वेळ बसायचं? आणि सगळ्यांनाच कशाला विचारायचं? शितावरून भाताची परीक्षा, ऐकलं नाहीस का कधी? एक बघायचं, त्यावरून बाकीचं ओळखायचं. धंद्यात वेळ वाचवायचा."

"बरं मॅडम. आता चुकणार नाही."

अण्णा पराती उचलत होते. ते काहीच बोलले नाहीत. अण्णा बोलायचे तेव्हा मॅडमना भीती वाटायची. बोलले नाहीत तेव्हा जास्त वाटली.

जत्रा जवळ आली. शिंपी आळीतल्या बायकांनी भंडाऱ्यासाठी आपापली भांडी द्यायची ठरवली आणि आधी नावं घालायला अण्णांकडं आणून टाकली. प्रत्येकीनं आपल्या भांड्यात नावाचा कागद ठेवला होता. दुकानात भांड्यांचा डोंगर झाला. महिपतीनं वरचं पातेलं उचललं, कागद वाचला. "सौ. मथुराबाई वाघुलदे."

झाली की परीक्षा! बाकीचे कागद वाचण्यात वेळ कशाला घालवायचा? बसला मशीनवर. घर्रर, घर्रर. संध्याकाळपर्यंत शिंपी आळीतली सगळी पातेली, डबे, पराती, एवढंच काय, एका लहान बाळाचं बोंडलंसुद्धा सौ. मथुराबाई वाघुलदे यांचं झालं. अक्षर काय, मोती!

आता मथुराबाई काही साधी बाई नव्हती. तिनं शेजारणीच्या ओट्यावर आपलं नाव पाहिलं. मग दुसऱ्या शेजारणीच्या. मग डोक्यावर पाटी घेतली आणि घरोघर निघाली. "नाव वाच. कुणाचं आहे? मग दे इकडं." एका घरात आमटी उकळत होती. मथुराबाईनं पातेलं आमटीसकट नेलं.

बायका दुकानावर चालून आल्या. अण्णांना सगळी नावं घासून काढून नव्यानं घालावी लागली. मथुराबाईकडून पातेली परत मिळाली. आमटी काही मिळाली नाही.

"अरे, नाव ज्याचं त्याचं असतं!" मॅडम म्हणाल्या.  "भात सगळा एकाच तांदळाचा असतो म्हणून एक शीत चालतं. माणसं तशी नसतात. जे आपल्याला माहीत नाही तिथं मनाचं काही घालायचं नाही. जागा रिकामी सोडायची. कळलं?"

"बरं मॅडम. आता चुकणार नाही."

जाता जाता मॅडम दुकानाच्या पायरीवर थांबल्या. "अण्णा, एक सांगू? या पोरासाठी नाही, पण बाकीची पोरं खरंच जीव तोडून शिकतात हो. वर्ग बंद झाला तर ती कुठं जातील?"

अण्णांनी चष्मा पुसला. "बघू," म्हणाले. आता अण्णांचं बघू म्हणजे हो, की नाही, हे अण्णांच्या बायकोलासुद्धा इतक्या वर्षांत कळलेलं नव्हतं.

मग तावरे पाटलांच्या मुलीचं लग्न आलं. रुखवतात मांडायची भांडी अण्णांकडून जायची होती. पाटील काय काय हवं ते अण्णांना सांगून गेले. अण्णा घाईत होते. ते महिपतीला म्हणाले, "पाटलांची खोकी बांधून कार्यालयात पोचव. चांगला चकाकता कागद लाव. रिबीन लाव." आणि स्वतः मुहूर्ताचा फेटा आणायला गेले.

महिपती खोकी घेऊन बसला. यात काय घालायचं? त्याला माहीत नव्हतं. समोर भांड्यांनी भरलेलं दुकान होतं, पण मनाचं घालायचं नाही असं मॅडमनी बजावलं होतं. त्यानं प्रत्येक खोकं रिकामं सोडलं. वर चकाकता कागद, त्यावर गुलाबी रिबीन, रिबिनीला फूल. इतकी सुरेख खोकी त्या कार्यालयात कधी आली नव्हती. आणि इतकी हलकीही.

रुखवत मांडलं. वरमाईनं एक खोकं उघडलं. मग दुसरं. मग तिनं विहिणीकडं पाहिलं. बँडवाल्यानं वाजवायचं थांबवलं. अण्णा नवा फेटा तसाच डोक्यावर घेऊन दुकानाकडं पळाले, आणि मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आत दोन्ही काखांत कळशा मारून परत आले. घामानं फेट्याचा रंग कपाळावर उतरला होता.

त्या दिवशी अण्णांनी मॅडमना बोलावलं नाही. मॅडम आपणच आल्या. त्यांना पाटीलवाड्यावरून बातमी पोचली होती.

"महिपती, माहीत नसेल तर विचारायचं रे! तोंड कशाला दिलंय देवानं? विचारायचं, आणि समोरचा सांगेल ते शब्दन् शब्द टिपून घ्यायचं. हे नको, ते नको, असं आपल्या मनानं गाळायचं नाही. आपण गाळतो तेच नेमकं पुढं कामाचं निघतं."

"बरं मॅडम. आता चुकणार नाही."

"तू प्रत्येक वेळी हेच म्हणतोस."

"आणि प्रत्येक वेळी नवीनच चुकतो, मॅडम. तीच चूक परत केली का?"

 पालथ्या घड्यावर पाणी म्हणावं, तर घडा म्हणत होता मी भरलोय.

आणि कुलगुरू यायचा दिवस उजाडला. उपकेंद्राच्या सभागृहात सगळे व्यापारी जमणार, अण्णा दोन शब्द बोलणार, आणि त्या दोन शब्दांवर वर्ग राहणार की जाणार ते ठरणार. गावाची रीत अशी, की पाहुण्याला नाव घातलेलं ताट द्यायचं. नुसतं द्यायचं नाही, ताटावरचं माईकवर वाचूनही दाखवायचं. कुणी दिलं ते चारचौघांत कळायला नको का?

सकाळी अण्णा घरी जेवत होते. दुकानातून महिपतीचा फोन आला. "अण्णा, ताटावर काय घालू?"

मनाचं घातलं नाही. रिकामं सोडलं नाही. विचारलं! पोरगं सुधारलं म्हणून अण्णांना बरं वाटलं. घास चावता चावता ते बोलत राहिले. महिपती फोन कानाला धरून टिपत राहिला.

दुपारी सभागृह भरलं. शाल झाली, श्रीफळ झालं. अण्णांनी कागदात गुंडाळलेलं ताट कुलगुरूंच्या हातात दिलं. कुलगुरूंचा आवाज भारदस्त, आणि तो त्यांना आवडायचाही. त्यांनी निवेदकाला थांबवलं. "मीच वाचतो," म्हणाले. चष्मा लावला. अक्षर बघून म्हणाले, "वा!" मग वाचायला लागले.

"माननीय कुलगुरू डॉ. आगरवाडकर यांस व्यापारी संघाकडून सादर भेट. लिहिलंस का?"

कुलगुरू थांबले. पण वाचत असताना थांबायची त्यांना सवय नव्हती.

"ताट कोणतं घेतलंस? ते जाड पितळेचं नको रे, ते गिऱ्हाइकाला दाखवायचंय. मागच्या फळीवरचं पोचा पडलेलं घे. त्यांना काय कळतंय. अगं, आमटीत मीठ घातलंस का? तुला नाही रे, हिला म्हणतोय."

सभागृहात खसखस पिकली. अण्णा खुर्चीत खाली खाली जायला लागले. मजकूर ताटाच्या काठावरून गोल गोल आत गेला होता, म्हणून कुलगुरू ताट फिरवून फिरवून वाचत होते, गाडीचं चाक फिरवावं तसं.

"हा बाबा वर्ग बंद करायला निघालाय आणि आपण त्याला ताट देतोय. अरे, चांगला वर्ग आहे. कापडवाल्याचा पडून राहिलेला माल त्या पोरींनी आकडे लावून खपवून दाखवला. औषधवाला म्हणतो, आता कोणतं औषध कधी लागणार ते मला आधीच कळतं. एक आमचं रत्न सोडलं तर सगळी पोरं गुणाची आहेत."

इथं ताट संपलं. कुलगुरूंनी ते उलटं केलं. मागंही होतं.

"आणि मॅडमसारखी बाई मी पाहिली नाही. रोज येते, त्या खुळ्याला समजावते, एकदाही ओरडली नाही. मला वाटतं, वर्ग राहिला पाहिजे. पण हे मी सभेत कसं बोलणार? माईक हातात आला की माझे पाय लटपटतात. नमस्कार म्हणेन आणि खाली बसेन. हे काही लिहू नकोस बरं का. झालं लिहून? आणि मथुराबाईचं नाव घालू नकोस, म्हणजे मिळवली."

कुलगुरूंनी ताट खाली घेतलं.  मॅडमनी डोळे मिटून घेतले होते. कुलगुरूंनी ताटावरून बोट फिरवलं. पोचा शोधत होते. सापडला.

आणि मग ते हसायला लागले. इतके हसले, की शाल गळून पडली.

"अण्णा," ते म्हणाले, "या वर्षभरात मला सगळ्यांनी गोड गोडच ऐकवलं. खरं काय ते या ताटानं सांगितलं. हा वर्ग बंद होणार नाही! हे पितळेच्या पाटीवर कोरा आणि वर्गाच्या दारावर लावा. म्हणजे उद्या माझंही मन फिरायला नको."

टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं. मॅडम रडत होत्या, हसत होत्या, एकाच पदरानं दोन्ही पुसत होत्या. त्यांनी महिपतीला जवळ घेतलं. "बाळा, वाचवलास रे वर्ग! पण म्हणून असं सगळंच्या सगळं लिहायचं नसतं. कामाचं तेवढंच ठेवायचं. ज्याचा काही उपयोग नाही ते गाळायचं."

"बरं मॅडम. आता चुकणार नाही."

त्या आनंदात हे वाक्य कुणाच्या कानाला खटकलं नाही. पाटीचं काम महिपतीकडंच गेलं. अक्षर काय, मोती!

जून उजाडला. नव्या प्रवेशाचा दिवस. वर्गाची कीर्ती सगळ्या तालुक्यात झाली होती. लांब लांबच्या वाड्यांवरून पोरं आणि त्यांचे आईबाप पहिल्या एसटीनं आले. मॅडम सकाळी लवकर येऊन वर्गात बसल्या. टेबलावर पेढे, फळ्यावर रंगीत खडूनं सुस्वागतम. दारावर ठोकाठोक ऐकू आली.

"पाटी लावतोयस का रे, महिपती?"

"हो मॅडम!"

"लाव, लाव!" मॅडम आनंदानं म्हणाल्या.

मॅडम वाट बघत बसल्या. बाहेर पावलं वाजायची, थबकायची, परत जायची. एकही पोर आत येईना. थोड्या वेळानं अण्णा आले. "मॅडम, पोरं सगळी स्टँडकडं का निघालीत? एक आई तर डोळे पुसत होती."

मॅडम बाहेर धावल्या. दारावर पितळेची पाटी लखलखत होती. तिच्यावर लिहिलं होतं, "हा वर्ग बंद."

"महिपती! पुढचं कुठाय?"

"पुढचं 'होणार नाही' होतं, मॅडम. जे होणारच नाही, त्याचा उपयोग काय? गाळलं."

मॅडमनी पदर खोचला आणि स्टँडकडं धाव घेतली. मागून अण्णा. महिपतीचे पाय लांब, तो दोघांच्या पुढं गेला. स्टँडवर गाडी उभी होती. सगळी पोरं आणि त्यांचे आईबाप आत बसले होते. गाडी सुटायला अजून वेळ होता. कंडक्टर दारात उभा राहून पाणी पीत होता.

"ओ कंडक्टरसाहेब!" महिपती हात हलवत ओरडला. "थांबा! जरा विचारायचं होतं!"

कंडक्टरनं तोंड पाहिलं. बाटली हातातून पडली. टिंग टिंग!

एसटी वेळेच्या आधी सुटलेली गावानं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. "अरे, टेम्पो काढा कुणीतरी! गाठा गाडीला!" असं ओरडत अण्णा बाजाराकडं पळाले. मॅडम स्टँडच्या कट्ट्यावर मटकन बसल्या.

"गेला रे माझा वर्ग!" त्या म्हणाल्या.

"असा कसा जाईल, मॅडम?" महिपती त्यांच्याशेजारी येऊन बसला. "कुलगुरूंनी सांगितलंय ना, बंद होणार नाही म्हणून? मी आहे ना! मी पुन्हा पहिल्यापासून शिकायला बसतो."